चारशे खिशांतले धर्माकाका

हसू नका, असं मी म्हणणार नाही. हसाच. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि तो दोषही माझ्याच नावावर लागला. माझ्या नावावर दोष तसे बरेच आहेत. पण अख्ख्या पनवेलला एकाच वेळी दचकवायचा पराक्रम मात्र मी एकदाच केला. तोही कुणाचं तरी भलं करायला जाऊन!

मी मुळात लाजाळू माणूस. नववीत गणिताने मला सोडलं आणि मग मी शाळेला सोडलं. माझं लाजणं केवढं, तर शेअर रिक्षात बसल्यावर उतरायची जागा आली तरी मला ‘थांबवा’ म्हणता येत नाही. दुसरं कोणी उतरेल तिथे उतरतो आणि चालत मागे येतो. असल्या माणसाला कामावर कोण ठेवणार? मुनीरचाचांनी ठेवलं.

पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या गल्लीत मुनीरचाचांचं मोबाइलचं दुकान. ते फोन दुरुस्त करायचे आणि मी कार्डं भरायचो. कार्ड भरणं म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. तेव्हा स्क्रीनवर बोट फिरवायचे फोन नुकतेच स्वस्त झाले होते, पण इंटरनेट असं रांगायचं, की एक गाणं उतरवायला घेतलं तर तेवढ्यात माणूस जेवून यायचा. म्हणून लोक फोन घेऊन दुकानात यायचे. मी त्यातलं मेमरी कार्ड काढायचो, कॉम्प्युटरला लावायचो आणि गाणी, आरत्या, सिनेमे ठासून भरून परत द्यायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, “कोळीगीतं टाक, थोडी जुनी टाक, आणि पोरांसाठी काहीतरी टाक.” आत काय टाकलं ते कोणी तपासायचं नाही. केवढा विश्वास बघा! त्या विश्वासाचं मी काय केलं, ते सांगतोच.

आता हर्षाताई.

आमच्या कोळीवाड्यात आमच्यापासून तिसरं घर तिचं. वडील धर्माकाका खाडीत होडी घेऊन जातात, काकू बाजारात मासे विकते. आणि हर्षाताई म्हणजे आमच्या वाड्यातली पहिली कॉम्प्युटर इंजिनियर. जुना लॅपटॉप, त्याचं एक बटण निघालेलं, तिथे तिने पेनाचं टोपण चिकटवलेलं. त्या टोपणावर बोट आपटत ती मोबाइलची अ‍ॅप लिहायची. अहो, आम्ही मोबाइल वापरायला शिकत होतो तेव्हा ही बाई मोबाइलला शिकवत होती!

तिचे दोन इंटरव्ह्यू हुकले होते. तिसरा नवीन पनवेलच्या एका छोट्या कंपनीत होता. मोबाइल सॉफ्टवेअर इंजिनियरची जागा. अट अशी, की स्वतः बनवलेलं अ‍ॅप घेऊन या. आणि इकडे तिच्या मामांनी उरणच्या बाजूला एका गोदामाच्या ऑफिसात कारकुनाची नोकरी बघून ठेवली होती. घरात ठरलं होतं, हा इंटरव्ह्यू शेवटचा. नाही झाला तर सोमवारपासून गोदाम.

म्हणजे टोपणाचा लॅपटॉप कायमचा बंद. मला तर नुसत्या विचाराने जेवण जाईना.

अ‍ॅप तिने काकांसाठीच बनवलं होतं. आमच्याकडे भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथी घ्यायची आणि तिचा पाऊणपट करायचा. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. काकांचं हे गणित तिने फोनमध्ये घातलं. नाव ठेवलं ‘पाऊणपट’. रोज ते नुसती वेळ दाखवायचं. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी पार पायऱ्यांपर्यंत चढतं, बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात. म्हणून त्या दोन दिवशी भरतीच्या अर्धा तास आधी फोनने हाक मारायची.

हाक कुणाची? खुद्द धर्माकाकांची! तिने त्यांचा आवाज भरून घेतला होता. काकांचा आवाज म्हणजे काय, ते तुम्ही ऐकलं नाहीत हे तुमचं नशीब. या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा बगळा उडतो.

“उठा रं! पानी भरलं! होड्या सांभाळा रं, होड्या!”

काकांच्या अटीही तशाच. “इंजिनाच्या धडधडीत ऐकू आला पायजे. फोन गप करून ठेवला असंल तरी वरडला पायजे. आन झोपेत बोट लागून बंद व्हायला नाय पायजे, सांगून ठेवतो!”

हर्षाताईने सगळं केलं. फोन सायलेंटवर असला तरी आवाज पूर्ण. बंद करायचा तर ‘उठलो’ असं लिहिलेलं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. एकदा दाबून उपयोग नाही. नाहीतर हाक चालूच.

मला विचाराल तर यापेक्षा थोर वस्तू मी आजवर पाहिलेली नाही.

इंटरव्ह्यूच्या तयारीला ती दुपारची आमच्या दुकानात यायची. कारण दुरुस्तीला आलेले नाना तऱ्हेचे फोन एका जागी दुसरीकडे कुठे मिळणार? मोठ्या स्क्रीनचे, हाताच्या अंगठ्याएवढ्या स्क्रीनचे, काच तडकलेले, चिनी. मुनीरचाचा गिऱ्हाइकाला विचारायचे, “आमची बेटी तुमच्या फोनवर एक चीज तपासून बघेल, चालेल ना?” लोक हो म्हणायचे. असे दहा फोन झाले. प्रत्येकावर अ‍ॅप टाकायचं, चालवून बघायचं, नंतर काढून टाकायचं. ते काम माझं.

मग प्रश्नोत्तरं. वही माझ्या हातात आणि साहेबाच्या खुर्चीवर मुनीरचाचा, हातातला स्क्रू ड्रायव्हर पेनासारखा धरून.

“हां बेटी, सांग. फोन आडवा केला की काय होतं?”

“आधीचं पान मरतं आणि तेच पान नव्याने जन्माला येतं.”

“या अल्ला! आणि त्या पानावर मी अर्धं काही लिहिलेलं असेल तर?”

“ते मरायच्या आधी बाजूला जपून ठेवायचं आणि नव्या पानाच्या हातात द्यायचं, चाचा. होडी कलंडली की बाबा आधी जाळं वाचवतात ना, तसं.”

मी वही धरून तसाच बघत राहिलो. इतके महिने मी गिऱ्हाइकांचे फोन आडवे करून सिनेमे बघत होतो. दर वेळी आत एवढी जन्म-मरणाची उलाढाल चालते, हे मला कुणी सांगितलं होतं का?

एके दिवशी मात्र वहीतला एक प्रश्न आला आणि ती टोपणाशी चाळा करू लागली. प्रश्न होता, तुमचं अ‍ॅप किती लोक वापरतात?

“दोन्ही वेळा इथेच अडले,” ती म्हणाली. “मी म्हटलं, दहा फोनवर चालवून बघितलंय. तर समोरचा हसला. ‘अच्छा, दहा’ म्हणाला. बास. पुढे काही विचारलंच नाही.”

तिने पेनाचं टोपण दाबून नीट बसवलं आणि घरी गेली.

आणि मी दुकानात बसलो, समोर गिऱ्हाइकांच्या फोनांचा ढीग. तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? नाही, राहू द्या. तुम्ही शहाणी माणसं, तुम्ही काहीच केलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून जो फोन माझ्या हातात आला, त्यात मी ‘पाऊणपट’ टाकलं. आरत्या मागितल्या? आरत्या आणि पाऊणपट. कुस्तीचे व्हिडिओ? कुस्ती आणि पाऊणपट. बाहेरचं अ‍ॅप चालू द्यायचं की नाही, असं फोन विचारायचा. त्याला मीच हो म्हणायचो. मग अ‍ॅप एकदा उघडून ते चालतंय ना, बघायचो आणि फोन परत द्यायचो. नेऱ्याचे शेतकरी, बाजारातले भाजीवाले, एसटीचे कंडक्टर, क्लासचे मास्तर. कामोठ्याच्या एक बाई नवऱ्याचा फोन घेऊन आल्या, “ह्यांना प्रवासात जुनी गाणी लागतात हो.” ह्यांनाही टाकलं. डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला भरतीची वेळ कशाला, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मला वाटायचं, इतकी चांगली वस्तू फुकट मिळतेय, कोण नाही म्हणेल?

हे सगळं अमावास्येनंतर सुरू केलं. पंधरा दिवस पनवेलचे फोन अगदी शांत होते.

गुणी बाळासारखे.

इंटरव्ह्यूचा दिवस उजाडला. काका होडीकडे, काकू बाजारात. म्हणून सोबतीला मी. चाचांनी सुट्टी दिली, वर हर्षाताईच्या हातावर खजूर ठेवला. “तोंड गोड करून जा. इन्शाल्ला, येताना पेढे आण.” साडेदहाची वेळ होती. आम्ही दहा वाजताच पोचलो. खाली मिठाईचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर कंपनी.

जिन्यात मी तिला थांबवलं. पंधरा दिवस ओठांशी धरून ठेवलेलं गुपित होतं ते.

“ताई, आज किती लोक वापरतात असं विचारलं ना, तर चारशे सांग.”

“खोटं नाही बोलणार मी.”

“खोटं नाही! चारशेच्या वरच असतील. मी टाकलंय. जो फोन आला त्यात.”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार. डोळे मोठे झाले, हे खरं.

“कुणाला विचारून?”

“तुला सरप्राइज…”

“मला नाही रे! ज्यांचे फोन आहेत त्यांना!”

मी जिन्याच्या कठड्याकडे बघू लागलो.

“आज तिथी काय?” तिने अगदी हळू विचारलं.

आज पौर्णिमा होती.

पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या अर्धा तास आधी, पावणेअकरा. तिच्या इंटरव्ह्यूच्या बरोबर मध्यावर चारशे खिशांतून धर्माकाका उठणार होते.

हर्षाताईने एक मोठा श्वास घेतला. ओरडली नाही, रडली नाही. ओढणी नीट केली आणि म्हणाली, “माझा फोन मी बंद करते. बाकी आता माझ्या हातात नाही. तू इथे बसायचं. आणि काहीही करायचं नाही. कळलं? काहीही नाही.”

जगात मला न पाळता येणारी सूचना एकच, आणि नेमकी तीच तिने दिली.

साडेदहाला ती केबिनमध्ये गेली. मी बाहेर बाकावर. केबिनची भिंत प्लायवूडची, आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. पहिला प्रश्न ती मस्त बोलली. दुसरा त्याहून मस्त. मी खूश होऊन इकडेतिकडे बघितलं.

दारात उभा असलेला वॉचमन माझ्याकडे बघून हसत होता. “काय रे, गाणीवाला ना तू? परवाच कार्ड भरून दिलंस!”

अरे देवा! आणि रिसेप्शनवरच्या मॅडमच्या टेबलावर तो गुलाबी कव्हरचा फोन. तो फोन मी ओळखत होतो. त्यात दोन गरब्याच्या फाइली आणि एक पाऊणपट होतं.

घड्याळात दहा पस्तीस. दहा मिनिटांत दोन फोन साफ करायचे. काम सोपं होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. तेच तर अवघड!

मी मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो.

“तुम्ही पण इंटरव्ह्यूला?” त्यांनी विचारलं.

‘नाही’ म्हणायला हिंमत लागते हो! मी मान हलवली. ती कशी हलली माझं मलाच माहीत नाही, पण त्यांनी एक फॉर्म आणि पेन पुढे केलं. “भरून द्या.”

आता समोर उभं राहून फॉर्म नाकारायचा कसा? मी भरला. नाव. पत्ता. शिक्षण: नववी. अनुभव: कार्ड भरणे, तीन वर्षे. तुमचे विशेष कौशल्य? मी खूप विचार करून लिहिलं, ‘फोन आडवा केल्यास काय होते ते माहीत आहे.’ मॅडमनी फॉर्म घेतला, वाचला नाही, केबिनमध्ये नेऊन ठेवून आल्या.

दहा बेचाळीस! मी वॉचमनकडे धावलो.

“दादा, तुमचा फोन जरा…”

“का?”

“एक… एक गाणं बिघडलंय त्यात.”

त्याने फोन दिला. मी अ‍ॅपवर बोट दाबून धरलं, तेवढ्यात घाईत फोन आडवा झाला. पान मेलं आणि नव्याने जन्माला आलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“काय पुसतोस रे? माझ्या पोरीचे फोटो आहेत त्यात!” वॉचमनने फोन हिसकावून खिशात घातला.

आत साहेब विचारत होते, “बरं, तुमचं हे अ‍ॅप किती जण वापरतात?”

हर्षाताई म्हणाली, “सर, मी स्वतः दहा फोनवर तपासलंय, पण…”

“अच्छा, दहा,” साहेब म्हणाले.

आणि पावणेअकरा वाजले.

“उठा रं! पानी भरलं!”

पहिला आवाज केबिनमधून आला. खुद्द साहेबांच्या टेबलावरून! कामोठ्याच्या त्या बाईंचे ‘हे’ म्हणजे हेच होते, हे मला तेव्हा कळलं. लगेच गुलाबी फोन ओरडला, “होड्या सांभाळा रं!” मॅडमनी घाबरून तो ड्रॉवरमध्ये कोंबला. काका ड्रॉवरमधून ओरडू लागले. मग वॉचमनचा खिसा. तो बिचारा दोन्ही हातांनी स्वतःचीच मांडी दाबत गोल फिरत होता.

आणि मग रस्ता. सगळ्या फोनांची घड्याळं कुठे सारखी असतात? कुणाचं अर्धा मिनिट पुढे, कुणाचं दोन मिनिटं मागे. त्यामुळे काका एकदम उठले नाहीत, लाटेसारखे उठत गेले. खाली मिठाईच्या दुकानात उठले. रिक्षा स्टँडवर चौघेजण उठले. समोरच्या क्लासमध्ये मास्तरांच्या खिशात उठले आणि पोरांनी बाकं वाजवली. थांबलेल्या एसटीतून, भाजीच्या हातगाडीवरून, दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी बाल्कनीतून, “पानी भरलं! पानी भरलं!” एक आजोबा खरंच धोतर वर धरून मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर चढून उभे राहिले. मी खिडकीतून बघितलं.

केबिनचं दार उघडलं. साहेब फोन हातभर लांब धरून बाहेर आले. “हे बंद कसं होतं? दाबतोय तरी बंद होत नाही!”

त्यांच्या मागून हर्षाताई आली. मला वाटलं, आता ही रडणार आणि मी खिडकीतून उडी मारणार. पण तिने आवाज चढवला, आणि मला कळलं, काकांचा आवाज घराण्यातलाच आहे.

“सगळ्यांनी ‘उठलो’ वर लागोपाठ तीनदा दाबा! तीनदा!”

साहेबांनी दाबलं. मॅडमनी ड्रॉवर उघडून दाबलं. वॉचमनने दाबून सलाम ठोकला. मग ती खिडकीशी गेली, अर्धी बाहेर वाकली आणि अख्ख्या रस्त्याला ओरडून सांगितलं, “ओ दादा! ओ रिक्षावाले काका! ‘उठलो’ तीनदा दाबा! आजोबा, खाली उतरा, पाणी खाडीला भरलंय, इथे नाही!”

एकेक करून काका गप्प झाले. रस्त्यावर अशी शांतता पसरली, की जिलबी तळल्याचा आवाज वर ऐकू येत होता.

“हे अ‍ॅप तुमचं?” साहेबांनी विचारलं.

“हो सर.”

“आणि हे ओरडणारे गृहस्थ?”

“माझे बाबा.”

“माझ्या फोनमध्ये तुमचे बाबा काय करतायत?”

आता एवढंच म्हणायचं होतं, तो बघा, तो बाकावरचा गाढव. खरं तेच होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी कुंडीतल्या झाडाकडे बघत होतो.

“सर, ते तुमच्यापर्यंत कसं पोचलं, ती चूक माझ्या बाजूचीच आहे,” ती म्हणाली. “पण मोठी चूक वेगळी आहे. मालकाला न विचारता फोन ओरडतो, हे लिहिलंय मीच. पहिल्यांदा उघडल्यावर त्याने विचारायला हवं होतं, हाक मारू का? मी फक्त बाबांचा विचार केला. बाबांना काय विचारायचं, असं वाटलं. बाकीच्यांचा विचार केलाच नाही.”

“दुरुस्त करायला किती वेळ लागेल?”

“लॅपटॉप आणलाय. वीस मिनिटं द्या.”

आणि ती खरंच बसली हो! ज्या नोकरीवर सगळं अडलं होतं ती डोळ्यांसमोर बुडत असताना ही बाई टोपणावर बोट आपटत शांतपणे चूक दुरुस्त करत होती. तिच्या जागी मी असतो तर तेव्हा कल्याणच्या रस्त्याला लागलो असतो.

तेवढ्यात साहेबांच्या हाती माझा फॉर्म लागला.

“हा कोण उमेदवार? अनुभव, कार्ड भरणे?”

मला आत बोलावलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सलग बोललो. थांबलोच नाही. दहा फोन, ‘अच्छा दहा’, गोदाम, सोमवार, आरत्या, कुस्ती, त्यांच्या बाईसाहेब, जुनी गाणी, सगळं. शेवटी म्हणालो, “सर, ताईला काही माहीत नव्हतं. मला काय ती शिक्षा द्या, पण तिला नोकरी द्या.”

साहेबांनी माझा फॉर्म टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “चारशे फोन? कुठले कुठले?”

मी सांगत गेलो. मोठ्या स्क्रीनचे, छोट्या स्क्रीनचे, जुने, चिनी, अर्धी काच मेलेले, चार्जिंगचं भोक सैल झालेले.

“आणि अ‍ॅप एकाही फोनवर बंद पडलं नाही?”

“पडलं असतं तर बरं झालं असतं, सर.”

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मग हर्षाताईकडे. “आमची अ‍ॅप चार फोनवर धड चालवायला आम्हाला महिना लागतो,” ते स्वतःशीच पुटपुटले. मग मला म्हणाले, “तुझ्या फोनवर कसं चालतं, दाखव.”

मी खिशातून माझा फोन काढला. बटणांचा, रबरबँड लावलेला. त्यावर अ‍ॅप चालतच नाही. चारशे जणांना उठवणाऱ्या माणसाला स्वतःला उठवायला कोणी नव्हतं! साहेब तेव्हा जे हसले, ते त्यांनी खुर्चीचा हात धरला तेव्हाच थांबले.

हर्षाताई वीस नाही, सतरा मिनिटांत उठली. नवं अ‍ॅप साहेबांच्या फोनवर टाकलं, त्यांना विचारून. ते उघडलं तर त्यावर लिहून आलं, ‘उधाणाच्या दिवशी हाक मारू का?’ खाली दोन बटणं, हो आणि नको. साहेबांनी जरा विचार केला आणि ‘हो’ दाबलं.

“पहिल्या तारखेपासून या,” ते तिला म्हणाले. “आणि ह्या तुमच्या भावाने सगळ्या फोनांमधलं ते जुनं काढून द्यायचं. प्रत्येकाला विचारून.”

आम्ही पेढे घेऊन कोळीवाड्यात आलो. धर्माकाका ओट्यावर कंबरेवर हात ठेवून उभे. मी हर्षाताईच्या मागे लपलो.

“ये, फुडं ये!” काका गरजले. “आज बंदरावरच्या टपरीवर हुबा हाय, तोंडात पान. आन माझाच आवाज मागून येतो, पानी भरलं! मी सोताच वळून बोल्लो, आलो रं आलो! लोक माझ्याकडं बगतात, मी लोकांच्या खिशाकडं!”

“बाबा, मला नोकरी लागली,” हर्षाताई म्हणाली.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा तो माणूस, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आवाज फुटला नाही. नुसताच तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मग माझ्या हातातून पेढ्याचा पुडा घेतला आणि म्हणाला, “होड्या मात्र येळेवर बांधल्या पोरांनी. आमी बगितलं.”

ते चारशे फोन शोधायला मला दोन महिने लागले. नेऱ्यापर्यंत जाऊन आलो. लाजाळू माणूस, दारोदार उभा राहून विचारतोय, “तुमच्या फोनमधला म्हातारा काढू का?” निम्म्यांनी काढू दिलं. बाकीचे म्हणाले, राहू दे, सवय झालीय.

हर्षाताई आता त्या कंपनीत मोठी झालीय. तिच्या हाताखाली पाच जण आहेत, आणि नवीन माणसाला ती पहिला प्रश्न विचारते, तुमचं अ‍ॅप ओरडण्याआधी विचारतं का? अधूनमधून काकूने दिलेला डबा पोचवायला मी तिकडे जातो. वॉचमन अजून तोच आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा फोन तो दारातच जमा करून घेतो, तसा नियम आहे.

मी दिसलो, की मात्र तो आधी स्वतःचा फोन काढतो, बंद करतो, आतल्या खिशात घालतो, वरून बटण लावतो, आणि मगच मला दार उघडतो.